विंचू उतरला, असं म्हणू नका

सोनावणे सिस्टरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या बुटांवरून, आणि ती गोड नव्हती. अठरा वर्षांपूर्वी बाळकुममध्ये एका ट्रस्टचा छोटासा दवाखाना होता. आता त्या जागी उंच इमारत आहे, खाली जिम आणि केकचं दुकान. मी नुकताच डॉक्टर होऊन तिथे रुजू झालो होतो. पहिल्याच दुपारी पाय मोकळे करायला बूट काढले आणि परत घालायला लागलो, तर दारातून आवाज आला, "सर, बूट आधी झटका." वर पाहिलं तर पांढरी साडी, पिकलेले केस आणि हातात ड्रेसिंगचा ट्रे. मी म्हटलं, "सिस्टर, मी कराडकडचा आहे. विंचू बघतच मोठा झालोय." त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडची काळी इंगळी बघितली असेल, सर. आमचा वेगळा आहे." मला असा राग आला की बूट न झटकताच पाय आत घातला. आत काही नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत मी पायाची बोटं आखडून चालत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्याच प्रमिलाताई सोनावणे यंदा पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत आणि त्यांच्या या गौरवग्रंथात मला चार पानं मिळाली आहेत. समितीने त्यांना विचारलं होतं, "ताई, तुम्हाला काय द्यायचं? शाल, पैठणी, मानपत्र?" त्यांनी सगळ्याला नको म्हटलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला द्यायचंच असेल तर या सरांना सांगा, दत्तारामकडे जाऊन ते एक वाक्य परत घेऊन या." समितीतल्या कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. अठरा वर्षं मी ते वाक्य परत न घेता बसलो होतो. म्हणून हा लेख सिस्टरांच्या कौतुकाचा असला तरी त्यात माझी एक चूक आहे, आणि ती वगळून मला त्यांच्याविषयी लिहिता येणार नाही.

आधी सिस्टरांचं काम सांगतो. त्या मूळच्या शहाडच्या. वडील कारखान्यात, घर चाळीत, पाच भावंडांत त्या थोरल्या. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली अभ्यासाला बसायचा नियम. नर्सिंग झाल्यावर पहिली काही वर्षं त्या कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होत्या. तिथे त्यांनी तो छोटा तांबडा विंचू पाहिला. बोटाच्या दोन पेरांएवढा, दिसायला किरकोळ. आपल्याकडे भीती असते ती मोठ्या काळ्या इंगळीची. ती दिसली की अख्खी आळी गोळा होते. तांबडा दिसला तर म्हणतात, बारीक आहे, काय होतंय! सिस्टर सांगायच्या, "सर, मी पोरं गेलेली पाहिलीयेत या बारक्यामुळे. इंगळी ठणका लावते, हा काळजावर बसतो."

ठाण्यात आल्यावर त्यांना वाटलं, ते दुखणं कोकणात राहिलं. पण वर्षा-दोन वर्षांत बाळकुमच्या एक आगरी आजी हाताला डंख झाला म्हणून आल्या, आणि त्यांनी मारून आणलेला विंचू सिस्टरांनी उलटसुलट करून बघितला. तांबडाच. आजी म्हणत होत्या, "बारीक हाय गो, त्यानं काय होतंय!" सिस्टरांनी आजींना सोडलं नाही, आणि विंचू कुठे सापडला ते जाऊन बघितलं. नव्या बंगल्याच्या कुंपणासाठी कोकणातून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ढीग आलेला होता. त्या दिवसापासून त्या प्रत्येक डंखाच्या वेळी एकच प्रश्न विचारू लागल्या, "गावाहून काय आणलं होतं?" उत्तरं ठरलेली असत. चिरे. नारळाची गोणी. चुलीसाठी लाकडं. आंब्याच्या पेटीतला पेंढा. कुणी गावच्या मातीतलं तुळशीचं रोप डब्यासकट आणलेलं. आपण माणसं जिथे जातो तिथे गाव बांधून नेतो, आणि त्या गाठोड्यात कधीमधी एखादा न बोलावलेला पाहुणाही असतो.

यावरून त्यांचं एक वाक्य आमच्या भागात सगळ्यांना पाठ झालं. आपल्याकडे मांत्रिकाने मंत्र टाकून डंखाची कळ घालवली की म्हणतात, विंचू उतरवला. सिस्टर म्हणायच्या, "विंचू मंत्राने उतरत नाही. तो टेम्पोतून उतरतो." लोक हसायचे. पण हसता हसता दुसऱ्या दिवशी ढिगाला हात घालण्याआधी काठी आपटायचे. आणि सिस्टरांनी 'विंचू उतरला' या शब्दांवर दवाखान्यात चक्क बंदी घातली होती. कळ थांबली म्हणा, म्हणायच्या. उतरला म्हणू नका. मला ते तेव्हा थेर वाटायचं. शब्दाने काय बिघडतंय, असं मी म्हणायचो.

बिघडलं. मे महिन्यातली भर दुपार होती. दत्ताराम नावाचे एक टेम्पोवाले आपल्या सहा वर्षांच्या प्राचीला घेऊन आले. मूळचे कोकणातले, बाळकुमला एका खोलीत राहायचे. नव्या संकुलाच्या बागेत शोभेची भिंत बांधायची होती, तिच्यासाठी चिरे त्यांनीच गावाकडून भरून आणले होते. पोर त्या ढिगावर खेळत होती. पायाच्या अंगठ्याला डंख. दत्ताराम म्हणाले, "बारीक होता साहेब, तांबडा. इंगळी नाय." पोर किंचाळत होती. मी जागा बधिर करणारं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात ती शांत झाली, मलूल होऊन बापाच्या खांद्यावर पडली. दत्तारामांचा चेहरा उजळला. म्हणाले, "उतरला, साहेब! उतरला विंचू." मी हसलो. मलाही बरं वाटलं. म्हटलं, "न्या घरी, झोपू द्या तिला." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सिस्टर तेव्हा आत एका जळीत बाईंचं ड्रेसिंग करत होत्या. हात धुऊन बाहेर आल्या, बाक रिकामा पाहिला आणि विचारलं, "ती तांबड्याची पोरगी?" मी म्हटलं, "गेली. बरी आहे. कळ थांबलीय." त्या म्हणाल्या, "पाय बघितलेत, सर?"

पाय मी पाहिले नव्हते. अंगठा पाहिला होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सत्तावन्न वर्षांच्या, निवृत्तीला वर्ष उरलेल्या सिस्टर चपला दारात टाकून रस्त्यावर धावल्या. नशीब असं की नाक्यावर डंपर आडवा वळत होता आणि दत्तारामांची रिक्षा त्याच्यामागे अडकली होती. सिस्टरांनी रिक्षात हात घालून पोरीचे तळवे धरले. मे महिन्यात, त्या उन्हात, पाय फ्रीजमधल्या बाटलीसारखे गार. कपाळावर घाम, फ्रॉक भिजलेला. कळ थांबली होती, पण विष काळजावर बसल्याची ही खूण होती. प्राचीला कडेवर घेऊन त्या अनवाणी परत आल्या, डांबर तापलेलं होतं. दारात पोर त्यांच्या पांढऱ्या साडीवर ओकली. नाडी इतकी पळत होती की मला मोजता येईना.

मी घाबरलो होतो हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. सिस्टर म्हणाल्या, "सर, ती रक्तदाबाची गोळी काढा." मी म्हटलं, "एवढ्या पोरीला?" त्या म्हणाल्या, "कोकणात याच गोळीने वाचवलेली पोरं मी मोजलीयेत. डोस तुम्ही ठरवा, वजन मी सांगते. पण आत्ता." त्यांच्या आवाजात दरडावणं नव्हतं. हात धरून रस्ता ओलांडायला लावावा तसा तो आवाज होता. मी डोस काढला. त्यांनी गोळीची पूड करून साखरेच्या पाण्यातून थोडी थोडी पाजली. मग रुग्णवाहिका, मोठं इस्पितळ, ऑक्सिजन, विंचवाच्या विषावरची लस. सिस्टर त्या दिवशी घरी गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी प्राचीने डोळे उघडून कुरकुरे मागितले आणि वॉर्डातल्या बायका हसता हसता रडल्या.

त्याच दिवशी वॉर्डाबाहेर दत्तारामांनी मला गाठलं. आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "साहेब, पहिल्यांदा आणली तेव्हा नाय का कळलं?" एवढा साधा प्रश्न. आणि मी, शिकलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला माणूस, काय म्हणालो? म्हणालो, "तुम्हीच म्हणालात ना, उतरला म्हणून?"

 दत्ताराम मान खाली घालून म्हणाले, "हो साहेब. मीच बोललो. माझ्याच गाडीतून आला, आणि मीच बोललो उतरला."

सिस्टर मागे उभ्या होत्या.  दवाखान्यात परतल्यावर चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "सर, तो बारीक विंचू त्याच्या गाडीतून आला, एवढं ओझं त्या माणसाला पुरे आहे. वर तुमचं टाकू नका. ते वाक्य कधीतरी परत घ्या." मी मान हलवली. उद्या जातो म्हटलं. उद्याचा परवा झाला, परवाची अठरा वर्षं झाली. दत्ताराम रस्त्यात भेटले की हात जोडून म्हणायचे, "तुमच्यामुळे पोर वाचली, साहेब." आणि मी तेही ऐकून घ्यायचो. सिस्टरांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. दवाखान्याच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी माझं प्रसंगावधान वाखाणलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या पहिल्या रांगेत होत्या. त्या टाळ्या मला अजून टोचतात.

दत्तारामांना मात्र त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. डिस्चार्जनंतर आठवड्याने त्या त्यांच्या खोलीवर गेल्या. ते गाडी विकायला निघाले होते. सिस्टर म्हणाल्या, "विंचवाला तिकीट तुम्ही दिलं नव्हतं, दादा. तो बसला, तुम्हाला काय माहीत? आता माहीत झालंय, तर तुम्हीच इतरांना शिकवा." आणि खरोखर त्यांच्या मदतीने सिस्टरांनी टेम्पोवाल्यांना शिकवायला सुरुवात केली. माल भरताना चिरे आपटून घ्या. गोणी उन्हात उलटी करा. हातमोजे घाला. ढीग घराला लागून रचू नका, पोरांना त्यावर चढू देऊ नका. फळ्यावर लिहिलेल्या गोष्टी माणूस विसरतो. सिस्टर टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर बसून, शेंगा सोलत ज्या सांगायच्या, त्या लक्षात राहिल्या.

निवृत्तीनंतर त्या थांबतील असं आम्हाला वाटलं होतं. कसल्या थांबतात! डोंबिवलीच्या सोसायट्या, कल्याणच्या नर्सऱ्या, वीटभट्ट्या, जिथे बोलावतील तिथे आणि पुष्कळदा न बोलावताही त्या गेल्या. एकदा एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे विंचू नाही हो, आमची गेटेड सोसायटी आहे." सिस्टर म्हणाल्या, "बरोबर आहे. तो गेटवर नाव लिहून येत नाही." मग त्यांनी पांढरी चादर अंथरायला लावली आणि बागेसाठी नुकत्याच आलेल्या कोकणी दगडाच्या गोण्या तिच्यावर रिकाम्या करवल्या. दुसऱ्याच गोणीतून तांबडे साहेब निघाले. सेक्रेटरी खुर्चीवर चढले, ते सिस्टरांनी हात दिल्याशिवाय उतरले नाहीत.

पण मला सगळ्यांत आवडते ती शहाडच्या मांत्रिकबाबांची हकीकत. वस्तीत एक म्हातारे विंचवाचा मंत्र टाकायचे. डंख झाला की लोक आधी त्यांच्याकडे, मग दोन तासांनी दवाखान्यात. तेव्हा मी तिकडच्या इस्पितळात होतो. आम्ही तरुण डॉक्टर चिडायचो, तक्रार करू म्हणायचो. सिस्टरांचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, त्यांच्या घरात तो कधी नव्हताच. तरी त्या बाबांकडे गेल्या, खाली बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "बाबा, तुमचा मंत्र तुम्ही म्हणा. माझं काही म्हणणं नाही. फक्त रिक्षात बसून म्हणा, आणि रिक्षा इस्पितळाकडे घ्यायला सांगा." बाबा विचारात पडले. म्हणाले, "चालेल ना बाई. मंत्राला जागेचं काय!" त्यानंतर बाबा स्वतः पेशंटला घेऊन इस्पितळाच्या दारापर्यंत येत. किती जीव त्याने वाचले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण वाचले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्या घरावरही त्यांचे उपकार आहेत. आई कराडहून आजारी होऊन माझ्याकडे आली, तेव्हा बायकोची आणि माझीही नोकरी. सिस्टर न सांगता रोज सकाळी शहाडहून यायच्या, आईला आंघोळ घालायच्या, वेणी घालून द्यायच्या. आई जुन्या वळणाची, सुरुवातीला अंग चोरून घ्यायची. कशासाठी ते सिस्टरांनाही कळत होतं आणि मलाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. महिन्याभराने आईच मला विचारू लागली, "माझी प्रमिला आज का नाही आली रे?" आई गेली तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता. याबद्दल आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "सर, तुम्ही आभाराचं बोलता, पण दत्तारामकडे गेलात का?"

तर मी गेलो. मागच्या रविवारी. दत्ताराम आता खडवलीला असतात. छोटी नर्सरी काढली आहे, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. प्राची डोंबिवलीला एका ऑफिसात नोकरीला आहे. मी फाटकात पोचलो तेव्हा ते पाइपने रोपांना पाणी घालत होते. "या या साहेब! इकडे कुठे वाट चुकलात?" मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा गिळलं असतं. उभ्या उभ्याच म्हटलं, "दत्ताराम, वॉर्डाबाहेर मी तुम्हाला म्हणालो होतो, तुम्हीच उतरला म्हणालात. ते खोटं होतं. तुमच्या बोलण्यावरून मी पोरीला सोडलं नाही. मी तिचे पाय बघितले नाहीत, म्हणून सोडलं. चूक माझी होती. पूर्ण माझी. आणि तिला वाचवलं सिस्टरांनी, मी नाही."

त्यांनी पाइप खाली ठेवला. नळ बंद केला. मग घराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "सुगंधा! बाहेर ये. लगेच ये." त्यांच्या पत्नी, सुगंधावहिनी, पिठाच्या हातांनी धावत आल्या. दत्ताराम मला म्हणाले, "साहेब, परत सांगा. हिच्यासमोर."

मी परत सांगितलं. शब्द न शब्द.

वहिनी खाली ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "एकदा भांडणात मी ह्यांना बोललेले, तुमच्या तोंडानेच पोर जात होती. एकदाच बोललेले. तेव्हापासून ह्यांनी त्या दुपारचं नाव काढलं नाय माझ्याकडे. मी पण नाय विचारलं." आणि त्यांनी पिठाच्या हातानेच नवऱ्याचा हात धरला. दत्तारामांनी दुसऱ्या हाताने खिशातून मोबाइल काढला, प्राचीला लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला. "साहेब, तिला पण सांगा." तिसऱ्यांदा सांगितलं. दत्तारामांचा हुंदका तिला ऐकू गेला. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रडताय का? अहो बाबा, रडू नका ना. मी येते संध्याकाळी." दत्ताराम खरोखर रडत होते. मीही. मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील, चार शब्द सुनावतील. ते फक्त म्हणाले, "साहेब, जेवून जायचं." हे सगळं ग्रंथात लिहिलं तर चालेल का, असं मी विचारलं. म्हणाले, "लिहा. माझं नाव घालून लिहा."

खडवली स्टेशनवरूनच मी सिस्टरांना फोन केला. म्हटलं, "सिस्टर, घेतलं परत." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं वाटलं, सर. आज फार बरं वाटलं."

सिस्टर, तुम्ही शंभर वर्षं जगा असा आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही आणि तेवढी माझी लायकीही नाही. मी आपला स्वार्थाने मागणं मागतो. तुमचे गुडघे ठीक राहोत, नजर आहे तशीच राहो, रात्रीची झोप लागो. माझ्या हातून आणखी पुष्कळ चुका व्हायच्या आहेत. त्या पोटात ठेवून, वाट बघत, न रागावता माझ्याकडून निस्तरून घ्यायला तुम्ही आम्हाला हव्या आहात.